साहेबरावकाकांची खुरपणी

सुरुवातीलाच माफी मागतो. मला लिहिता येतं असं आजवर कुणी सांगितलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आतापर्यंत जे काही लिहिलं ते पेपरात विचारलं म्हणून. कुणी न विचारता लिहायला बसलोय असं हे पहिलंच. त्यात ज्यांच्याबद्दल लिहायचं ते माझ्या वडिलांपेक्षा वयानं मोठे, आणि चार वर्षं त्यांच्या घरातल्या आणि आमच्या घरातल्या मोठ्या माणसांचं बोलणं बंद होतं. म्हणून आधी परवानगी घ्यायला गेलो. ते म्हणाले, "लिही. पण पातळ लिहू नको. बराबर थर पाहिजे."

ते म्हणजे आमचे शेजारी साहेबरावकाका. यंदाच्या चैत्रात टेंभुर्णीतल्या आमच्या गल्लीत भर दुपारी कुणी आलं असतं, तर त्याला एक माणूस पिकअप गाडी खुरपताना दिसला असता. हे मी गमतीनं म्हणत नाही. डोक्याला टॉवेल, आरशाला बांधलेली छत्री, बुडाखाली लाकडी पाट आणि हातात कांद्यातलं गवत काढायचं खुरपं. गाडीच्या पत्र्याला नाक लावून बसायचे आणि खर्र-खर्र करत काळ्या रबराची साल सोलायचे. हातभर सोललं की पाट सरकवायचे, छत्री सरकवायची आणि पुढचं धरायचं. जाणारे-येणारे विचारायचे, "काका, पेरलंय काय?" काका मान वर न करता म्हणायचे, "काढून राह्यलो. दिसत न्हाई का?"

ही साल गाडीवर कशी आली ते सांगितलं पाहिजे.

पिकअप आधी पांढरी होती. मोसंबी, सोयाबीनची पोती, लग्नातला मांडव असं सगळं वाहायची. चार वर्षांपूर्वी ती जालन्याला गेली पांढरी आणि परत आली काळी. मालगाडीच्या हौद्यात तळाला एक जाड, रबरासारखं कोटिंग मारतात. माल घसरत नाही, पत्रा गंजत नाही. ते हौद्यात मारायचं असतं. काकांनी ते गाडीला बाहेरून मारून आणलं. बॉनेट, दारं, टप, डिझेलच्या टाकीचं झाकण, काहीच सोडलं नाही. गाडी काळ्या कारल्यासारखी खरखरीत दिसायला लागली. गल्लीतल्या प्रत्येकाचं कोपर तिला एकदा तरी घासून सोललेलं आहे. लोक तिला 'साहेबरावाची म्हैस' म्हणायला लागले. खऱ्या म्हशीचंही तेच मत असावं. त्यांची म्हैस सुटली की नेमकी गाडीपाशी येऊन मान घासत उभी राहायची. सहा महिन्यांत म्हशीची मान गुळगुळीत झाली, गाडीला काही झालं नाही.

"थर पाहिजे," काका सांगायचे. "दुनियेत जे सडतं ते थर न्हाई म्हणून सडतं."

हे त्यांचं शास्त्र कुठंही लागू पडायचं. रस्त्याला खड्डे का पडतात? थर पातळ. साय चांगली का लागते? साय म्हंजे काय, थरच. अकरावीत मला इंग्रजीत कमी मार्क पडले तेव्हा त्यांनी भिंतीपलीकडून हाक मारली होती, "ए कॉलेज, तुझ्या अभ्यासाचा थर बिलकुल पातळ हाये." मी तेव्हा कॉलेजात नव्हतोच, ज्युनिअरला होतो, पण त्यांनी मला तेव्हापासून तेच नाव लावलं. आमच्या घरात ते फक्त माझ्याशीच बोलायचे. तेही थराबद्दलच.

गाडीनंतर त्यांनी एक डबा घरी आणला. मग खाटेचे पाय झाले, पाण्याची टाकी झाली, गोठ्याचं दार, कुऱ्हाडीचा दांडा, आणि गयाकाकू माहेरी गेल्या होत्या त्या दोन दिवसांत त्यांच्या हंड्याचं बूडसुद्धा. पहिल्याच मे महिन्यात खाटेच्या पायांचं कोटिंग उन्हानं मऊ पडलं आणि खाट अंगणाला चिकटली. पाहुणे आले की ऊन असेल तिथंच बसायचे, कारण खाट सावलीत सरकत नव्हती.

फक्त इंजिनला थर मारता आला नाही. त्या इंजिनची जुनी खोड आहे. चार ठोके बरोबर देतं आणि पाचवा गिळतं. गाडी शाळेच्या वळणावर आली की तो अडखळता आवाज ऐकून काकू इकडे चहा ठेवायच्या. आजही ठेवतात.

आता बोलणं का बंद होतं ते. वस्ती जिथं सुरू होते तिथं आमचं घर आहे, बुद्धविहाराच्या मागं. काकांचा गोठा जिथं संपतो तिथं दोन्ही घरांमधली भिंत आहे आणि भिंतीवर आमच्या लिंबाची फांदी आहे. काकांची एकुलती एक मुलगी कावेरी आणि माझा चुलतभाऊ प्रकाशदादा यांनी जालन्यात जाऊन लग्न केलं. एवढं लिहिलं की इकडच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. मारामारी झाली नाही, शिव्या झाल्या नाहीत. काकांच्या रानात खुरपायला माझ्या मायला बोलावणं यायचं ते बंद झालं. आणि त्याच पंधरवड्यात गाडी काळी झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

तर यंदा होळी झाली आणि काकांनी एकाएकी शास्त्र बदललं. "थर उतरला पाहिजे," म्हणायला लागले.

चढवायला एक दिवस लागलेली वस्तू उतरवायला किती लागतात हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आधी त्यांनी रंगाच्या दुकानातून रंग काढायच्या औषधाचा डबा आणला. त्यानं कोटिंग निघालं नाही, उलट तेल लावल्यासारखं चकाकायला लागलं. बोटांची कातडी मात्र निघाली. मग कुणीतरी सांगितलं, गरम हवा द्या. काकांनी स्टँडजवळच्या ब्यूटी पार्लरमधून केस वाळवायचं यंत्र मागून आणलं आणि गाडीच्या दाराला नवरीसारखी हवा देत बसले. समोरचे पंडितदादा ओट्यावरून म्हणाले, "साहेबराव, मेंदी बी काढा आता."

"तुम्ही बसा, तुमच्यावर बी हवा मारतो," काका म्हणाले. तेवढ्यात गल्लीची लाईट गेली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही. यंत्र परत गेलं.

तिसऱ्या खेपेला खुरपं निघालं. सकाळी सकाळी बसले होते, खुरपं उभं धरून. पत्र्यावर ओरखडे उठत होते आणि कोटिंग नखाएवढंही निघत नव्हतं. माझी माय बायांबरोबर कांद्यात खुरपायला चालली होती. मी मागं होतो, मला कॉलेजसाठी जाफराबादची बस गाठायची होती. माय चालता चालता थांबली. बाया पुढं गेल्या. ती काकांच्या हाताकडे बघत राहिली आणि शेवटी तिला राहवलं नाही.

"आडवं धरा," ती म्हणाली. "उभ्या खुरप्यानं बूड तुटतं, मूळ तसंच ऱ्हातं. आन् गारव्यात काय करून राह्यले? ऊन चढू द्या. नरम पडंल मंग निघंल. एक पात धरा आन् तीच धरून चला, हिकडं थोडं तिकडं थोडं करू नका."

पात म्हणजे खुरपताना एकेका बाईच्या वाट्याला येते ती पट्टी. तिच्या बाहेर हात घालायचा नसतो.

काकांनी मायकडे पाहिलं नाही. हातातल्या खुरप्याकडे पाहिलं आणि त्यालाच सांगितलं, "खुरपं बोथट हाये."

"मंग धार लावा," माय म्हणाली आणि निघाली.

चार वर्षांत दोन घरांतल्या मोठ्या माणसांत झालेलं हे पहिलं बोलणं. मी बस चुकवली.

दुसऱ्या दिवशी मायचं खुरपं भिंतीवर ठेवलेलं दिसलं. वाचणाऱ्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. पण खुरपणाऱ्या बाईचं खुरपं तिच्या हाताच्या मापाचं असतं, मुठीला तिनं स्वतःच्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली असते, आणि माय ते सख्ख्या बहिणीलाही देत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मी जुन्यानं भागवीन. त्यांची पात शेवटाला लागत न्हाई. बघवत न्हाई मला."

त्या दिवसापासून काका दुपारचे बसायला लागले. एक ते तीन. सगळं गाव झोपलेलं असायचं आणि पत्रा तव्यासारखा तापलेला. काळी साल लांबच लांब निघायची. कोंबड्या ती किडे समजून पळवायच्या आणि थुंकून टाकायच्या. काकू दिवसातून चारदा अंगण झाडायच्या. माझी परीक्षा संपली होती. मी लिंबाखाली पुस्तक घेऊन बसायचो आणि पुस्तकाच्या वरून बघायचो.

काकांनी आधी मागचं फळकं धरलं. मग डावी बाजू, मग उजवी, मग दारं, टप आणि बॉनेट. काचेच्या वरची पट्टी, गाडीचं कपाळ म्हणतात ती, त्यांनी शेवटाला ठेवली. कुणी विचारलं नाही. त्या काळ्या पट्टीखाली काय आहे ते अख्ख्या टेंभुर्णीला पाठ होतं. लाल अक्षरं, त्यांना पिवळी सावली, 'कावेरी'. ती पहिलीत गेली तेव्हा काकांनी जालन्यातल्या मस्तगडच्या एका पेंटरकडून लिहून घेतलं होतं. आम्ही पोरं ती गाडी लांबून वाचायचो.

एकदा काकू मला भिंतीवरून ताकाचा गिलास देत होत्या. काका गाडीपलीकडे होते. काकू हळूच म्हणाल्या, "हे जालन्याला नाव झाकायलाच गेल्ते. पेंटर म्हणला, एवढी पट्टी पुसून देतो, घंटाभराचं काम. तर हे म्हणले, एवढंच पुसलं तर लोक विचारतील. अख्खी गाडी कर."

मी गिलास हातात धरून उभा राहिलो.

"मंग गाडीच का केली असं लोक विचारतील, म्हणून खाट केली. खाट का केली विचारतील, म्हणून टाकी. माझा हंडा बी त्याच्यातच गेला." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. हसत होत्या की काय ते मला कळलं नाही. "थर पाहिजे म्हणं. कशाचा थर. आन् कुणाला ठाऊक नव्हतं?" मग नेहमीसारखं विचारलं, "बरी हाये ना ती?"

कावेरीवहिनीचा नंबर पहिल्यापासून माझ्या मोबाईलमध्ये होता. काकूंना ते माहीत होतं. त्या अधूनमधून एवढंच विचारायच्या आणि मी मान हलवायचो.

काकांना हे आत्ताच का सुचलं, ते मात्र त्यांनी स्वतः सांगितलं. बॉनेटची शेवटची पात चालली होती. "ए कॉलेज, छत्री धर जरा," म्हणाले. मी भिंत ओलांडून गेलो. छत्री आरशाला नीट बांधलेली होती, तरी मी धरली.

"मस्तगडला दिसली," ते खुरप्याला म्हणाले. बोलायचं असलं की ते खुरप्याशी बोलतात, हे मला तोवर कळलं होतं. "मोसंबी टाकून येऊन राह्यलो व्हतो. पुढं गर्दी, गाडी उभी. ही पिशवी घेऊन समोरून रस्ता ओलांडत आली. बराबर गाडीपुढून. गाडीकडं बघितलं बी."

"मग?"

"मंग काय. ओळखलं न्हाई. लहानपणापासून या गाडीत बसली, आन् गाडी ओळखली न्हाई तिनं. काळी केलेली." खुरपं थांबलं. "हात गेल्ता हॉर्नवर. म्हणलं, हॉर्न वाजवून बोलावण्यासारखं काय ठेवलंय आपण." खुरपं पुन्हा लावत म्हणाले, "नाव मोकळं झालं की तिथंच नेऊन उभी करतो. बाजाराच्या दिवशी. तिला वाटलं तर थांबंल. न्हाई वाटलं तर न्हाई."

मी छत्री सरळ केली.

कपाळाचा दिवस आला तेव्हा काकांनी दाढी केली होती. दुपारी दीडला बसले. बसले म्हणजे बॉनेटवर चढले, खाली गोणपाट टाकून. काकू दारात होत्या. माय कांद्यातून येता येता भिंतीपाशी थांबली होती, डोक्यावर गवताचा भारा तसाच. पंडितदादाही ओट्यावर आले.

काकांनी खुरपं ठेवून दिलं. पट्टीचं एक टोक नखानं उचललं आणि दोन्ही हातांनी हळूहळू ओढायला लागले. इतकी सुरेख साल आजवर निघाली नव्हती. न तुटता, एका लांबीत, वेणीसारखी सुटत आली. शेवटचं टोक सुटलं आणि काका पट्टी हातात धरून कपाळाकडे बघत राहिले.

कपाळावर काही नव्हतं. मळका पांढरा पत्रा, एक-दोन ठिकाणी लालसर डाग, बस.

मग मला पट्टीची आतली बाजू दिसली. नाव तिच्यावर होतं. लाल अक्षरं, पिवळी सावली, एक वेलांटीसुद्धा मोडली नव्हती, फक्त सगळं उलटं, आरशात दिसतं तसं. चार वर्षांत रबरानं रंग असा धरला होता की पत्र्याकडे काही राहिलं नव्हतं.

माय भारा उतरवून खाली ठेवायला लागली.

"थर चांगला व्हता," काका म्हणाले. बॉनेटवरून उतरले. पट्टी त्यांनी खाली ठेवली नाही. अंगणाच्या मधोमध ती दोन्ही हातांत आडवी धरून उभे राहिले, जसं दुकानदार गिऱ्हाइकाला कापड दाखवतो. पण दाखवत कुणालाच नव्हते.

मी तेव्हा मोबाईल काढला आणि फोटो घेतला. कुणाला विचारलं नाही. घरात जाऊन तो कावेरीवहिनीला पाठवला आणि खाली, सगळं लिहायला जमेना म्हणून, एवढंच लिहिलं: 'काका गाडीवरचा थर काढत होते. नाव निघून आलं.' दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही.

रात्रभर मला वाटत राहिलं की मी आगाऊपणा केला. सकाळी जाऊन काकांना सांगून टाकलं. मला वाटलं रागावतील. ते टायरची हवा बघत होते, बघतच राहिले. मी परत फिरलो तेव्हा मागून म्हणाले, "कॉलेज, मोबाईलला रेंज हाये का तुझ्या?"

"आहे काका."

"न्हाई, आपल्या गल्लीत पडत न्हाई कधीकधी."

त्यानंतर रोज विचारायचे. सकाळी म्हैस सोडताना, "रेंज हाये का आज?" दुपारी, "लिंबाखाली बसू नको, लिंबाखाली रेंज कमी पडती." एकदा म्हणाले, "जाफराबादला जाऊन बघ, तिकडं बरी ऱ्हाती." पट्टी त्यांनी गाडीत, सीटच्या मागं, गुंडाळी न करता सरळ ठेवली होती. टपाएवढी लांब असल्यामुळं तिचं टोक खिडकीतून बाहेर यायचं. मालाच्या खेपा चालू होत्या. पांढरी, ओरखडलेली, कपाळ कोरं असलेली गाडी गावातून जायची आणि पाचवा ठोका गिळायची.

बाजाराचा दिवस आला आणि गेला. ते मस्तगडला गेले नाहीत. "काय घेऊन उभं ऱ्हाऊ?" म्हणाले.

आठव्या दिवशी दुपारी मी लिंबाखालीच होतो, आणि रेंज होती. वहिनीचा मेसेज आला. मी भिंत ओलांडून गेलो. काका खाटेच्या पायाचा थर खुरपत होते. मी वाचून दाखवू का विचारलं. त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं. काकू चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

मी वाचलं: 'भाऊ, आठ दिवस काय लिहावं ते सुचत नव्हतं. फोटो रोज बघते. बाबांना सांग, मस्तगडला गाडी मी ओळखली होती. ती काळी असो की पांढरी असो, पाचवा ठोका गिळणारी गाडी जालन्यात दुसरी नाही. बाबा हॉर्न वाजवतील असं वाटलं, म्हणून मी हळू चालले होते.'

काका म्हणाले, "पुन्हा वाच." मी वाचलं. "शेवटचं वाच." मी ते वाचलं.

त्यांनी टॉवेल काढला, झटकला, परत डोक्याला बांधला. मग पहिल्यांदाच खुरप्याला न सांगता मला विचारलं, "हळू म्हंजे किती हळू?"

मला काय माहीत असणार. मी त्यांचा प्रश्न जसाच्या तसा टाइप करून पाठवला. काका, काकू आणि मी तिघंही त्या छोट्या काचेकडे बघत अंगणात उभे राहिलो. भिंतीपलीकडे माय भांडी घासायची थांबली होती.

या खेपेला वेळ लागला नाही.

'रविवारी आम्ही दोघं येतोय. अंगणात चालून दाखवते.'